विसाव्या दिवसाचा एक अंश

२ फेब्रुवारी

गोगे, तू विसरणार हे मला माहीत आहे. लहानपणी एक पायमोजा पायात आणि दुसरा हातात घेऊन बसायचीस, आणि वर मलाच विचारायचीस, "आजी, मी काय करत होते?" म्हणून तर तुझं नाव गोगलगाय पडलं, आणि तेवढं लांब नाव हाक मारायला परवडेना म्हणून गोगी. नोकरीसाठी जाताना ही वही माझ्या मांडीवर ठेवून गेलीस. "रोजचं सांगत जा, आई लिहील, मी आले की वाचीन." हेसुद्धा विसरली असशील. मी नाही विसरले. मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागतं.

तुझी आई समोर बसून लिहिते आहे. तिने काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, पण लांबी कळते. मी पुष्कळ बोलले आणि ओळ आखूड आली की बोट ठेवून विचारते. ती म्हणते, "आई, तुम्ही एक गोष्ट तीनदा सांगता, मी एकदा लिहिते." बघ, माझ्याच वहीत माझ्याच बोलण्याला कात्री.

५ फेब्रुवारी

आज तुझा बाप अंडी आणायला पहाटेच गेला. दुपारी मी कठडा धरून खाली उतरले, तर तुझी आई कॉम्प्युटरसमोर. मला बघून अशी दचकली, की मीच चोर आहे असं वाटावं. "धूळ पुसतेय," म्हणाली. हातात फडकं नव्हतं. मांडीवर मात्र अंडी उबवायच्या यंत्राबरोबर आलेलं ते माहितीचं पुस्तक होतं. खुंटीवरून काढलेलं. मी म्हटलं, पुस्तकाने धूळ पुसायची नवी रीत दिसतेय.

(हे लिहायला ती का कू करत होती. मी म्हटलं, लिही गं, गोगी हसेल.)

६ फेब्रुवारी

यंत्र भरलं. आपलं यंत्र म्हणजे केवढं धूड, कपाटात कपाट, आणि आत अंड्यांचे ट्रे. तुझे आजोबा होते तेव्हाचं यंत्र सोपं होतं, एकदा उष्णता लावली की शेवटपर्यंत तीच. हे नवं मेलं नखरेल. तू समजावलं होतंस तेवढं मला आठवतं. अंड्यातलं पिल्लू वाढत गेलं की स्वतःच ऊब द्यायला लागतं. म्हणून यंत्राची ऊब हळूहळू उतरवत न्यायची. पहिले काही दिवस काडीचा फरक नाही, आणि पुढे भराभर. पुस्तकात दिलंय तसं दिवसाला दिवसानेच गुणायचं, मग चारशेने भागायचं, आणि तेवढी ऊब कमी करायची. विसाव्या दिवशी पुरता एक अंश. ते गुणाकार-भागाकार तुझ्या बापाला जमेनात, म्हणून तू कॉम्प्युटरवर ते शीट करून दिलंस. रोज सकाळी तो कितवा दिवस ते घालतो, आकडा येतो, आणि यंत्राचं बटण त्या आकड्यावर नेऊन ठेवतो. दोन वर्षं बिनबोभाट चाललंय. त्या शीटला कोणी बोट लावलं तर तुझा बाप घर डोक्यावर घेतो. "गोगीचं आहे ते!" जणू तू त्यात झोपली आहेस.

आज त्याने पहिला दिवस घातला, आकडा नेहमीचाच आला. तुझी आई मागे उभी होती. तिने मोठा श्वास सोडला. मी म्हटलं, काय गं, दमलीस?

२७ फेब्रुवारी

आज सांगवत नाही, पण सांगते.

पिल्लं निघायच्या दिवशी मी सकाळपासून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते, हे तुला ठाऊक आहे. आधी एक चिवचिव, मग चार, आणि मग सगळं घर. लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. आज बसले होते. नुसता पंख्यांचा आवाज. मला वाटलं, कानाने दगा दिला. तुझ्या आईला हाक मारली, "अगं, ऐकू येतंय का?" ती म्हणाली, "नाही, आई." मग कळलं की कान शाबूत आहेत.

तुझ्या बापाने ट्रे बाहेर काढले. काही अंड्यांना चोचीने पाडलेली बारीक भोकं होती आणि आतलं पिल्लू तिथेच थांबलेलं. दार उघडून उंबऱ्यात पडलेल्या माणसासारखं. बाकीची फोडून बघितली. पुरी वाढलेली, पिसं फुटलेली. तुझा बाप एकेक फोडत होता आणि शेजारी ठेवत होता. रांगेत. कशासाठी रांग, ते त्यालाच माहीत.

१ मार्च

सगळ्यांत एक पिल्लू वाचलं. एक पाय वाकडा. तुझ्या आईने ते बुटांच्या खोक्यात ठेवलंय, वर दिवा लावून. मी त्याचं नाव 'बाकी' ठेवलं. सगळ्यांतून सगळं गेलं की जी राहते ती.

तुझा बाप म्हणतो, अंडीच खराब. अंडीवाल्याला फोनवर इतकं बोलला की तो बिचारा शेवटी रडवेला झाला. "साहेब, हीच अंडी मी दुसरीकडे दिली, तिथे पिल्लं आली!" तुझ्या बापाने फोन आपटला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते असं.

तुझी आई यंत्राचं पुस्तक घेऊन बसते. शाळेतल्या पोरीसारखी एका ओळीखालून बोट फिरवते, खाली जाऊन स्क्रीन बघते, पुन्हा वर येऊन पुस्तक. मी विचारलं, काय ताळा करतेस? म्हणाली, "काही नाही. दोन्हीकडे सारखंच आहे." सारखं आहे तर मग तोंड का उतरलंय?

३ मार्च

बाकी गेलं. तुझ्या आईने खोकं मांडीवर घेतलं आणि जी रडायला लागली, मला भीतीच वाटली. तिचे वडील गेले तेव्हा इतकी रडली नव्हती. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, अगं, एक पिल्लू, त्यात लंगडं. तर आणखीच रडली. म्हातारपणी समजूत घालायला गेलं की असं होतं.

५ मार्च

दुसऱ्या अंडीवाल्याकडून अंडी आली. यंत्र पुन्हा भरलं. तुझी आई तुझ्या बापाला म्हणाली, "एकदा गोगीला विचारून बघा ना, शीट ठीक आहे का ते." तो म्हणाला, "शीटला काय झालंय? दोन वर्षं चाललंय." ती पुढे काही बोलेल असं वाटलं. ओठ हलले. मग तिने चहाचे कप उचलले.

मला एक विचारायचं होतं. दोन वर्षं रोज तो आकडा बघतो, तर विसाव्या दिवशी किती असायचा ते लक्षात नाही? विचारलं. म्हणाला, "आई, आकडा तिथे दिसतो म्हणून तर डोक्यात ठेवत नाही." मी म्हटलं, बरोबर. मला वाचता येत असतं तर मीही रिकाम्या डोक्याने मजेत हिंडले असते.

२६ मार्च

पुन्हा तेच. मी पायरीवर बसले नाही. बसायला हवं होतं का? माझ्या न बसण्याने काही फरक पडणार नव्हता, पण पिल्लं आत धडपडत असतील आणि ऐकायला कोणीच नाही, असं मनात येत राहिलं.

२७ मार्च

आज तुझ्या बापाने तुला फोन केला. तू बोललीस ते सगळं फोनच्या मोठ्या आवाजात आम्ही तिघांनी ऐकलं. तू विसरशील, किंवा विसरल्याचं दाखवशील, म्हणून जसंच्या तसं लिहवून घेतेय.

तू म्हणालीस, "बाबा, आकडा येतो त्या चौकोनावर क्लिक करा आणि वर काय दिसतंय ते वाचून दाखवा. एकेक खूण." त्याने वाचलं. बरोबरची खूण, मग उणे, मग दिवसाचा चौकोन, त्याचा वर्ग, मग भागिले चारशे, मग अधिक सदतीस पॉइंट आठ, म्हणजे सुरुवातीची ऊब.

तू गप्प. मला वाटलं फोन तुटला.

मग म्हणालीस, "उणे सगळ्यात पहिलं आहे? नक्की?"

"मग! पुस्तकातही तसंच आहे."

तू हळूहळू सांगितलंस, मला समजेल असं. शाळेत शिकवतात की आधी वर्ग करायचा, उणे त्यानंतर लावायचं. पण शीटमध्ये उणे अगदी पहिलं लिहिलं की ते आधी आकड्यालाच चिकटतं. मग उणे आकड्याचा वर्ग होतो, आणि उणे गुणिले उणे अधिक. म्हणजे जेवढं कमी व्हायचं तेवढं वाढलं. मी मध्येच म्हटलं, "म्हणजे पायमोजा! आधी उलटा केला, आणि मग पुन्हा उलटला तर सुलटाच होणार." तू हसलीस, गोगे. एवढंच हसलीस. "हो आजी. पायमोजाच. सदतीस पॉइंट आठ आधी लिहून त्यातून वजा केलं असतं तर ठीक झालं असतं."

विसाव्या दिवशी एक अंश उतरायचा, तो एक अंश चढला. आधीचे दिवस फरक इतका बारीक की कोणाला कळणार? आणि नेमकं पिल्लू स्वतः ऊब टाकायला लागलं तेव्हा आपण वरून आणखी ऊब दिली.

तुझ्या बापाने विचारलं, "तू काय केलंस हे?"

तू म्हणालीस, "हो बाबा. माझी चूक."

त्यानंतर तो जे बोलला, ते मला लिहवायचं नव्हतं. पण वही खोटी नको. तो म्हणाला, "शिकवलं ते या दिवसासाठी? तुझ्या हाताला यश नाही. माझ्या कशालाही पुन्हा हात लावू नकोस." तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास.

इथे मी थांबले होते, गोगे. मी गप्प झाले तरी तुझ्या आईचं पेन चालूच. बरीच लांब ओळ. मग तिने ती सगळी खोडली, कागद फाटेपर्यंत. मी विचारलं, काय खोडलंस? म्हणाली, "चुकलं होतं." मी म्हटलं, चुकलं ते खोडावंच.

१२ एप्रिल

तुझा फोन नाही. रविवारी अकराला यायचा. मी अकराच्या आधीच येऊन फोनजवळ बसते आणि मला पाय लांब करायचे होते म्हणून बसले असं सांगते.

तुझ्या बापाने ते चौकोनातलं तू सांगितलंस तसं बदललं. आता शीट बरोबर आहे, पण यंत्र रिकामं आहे. ज्यांना पिल्लं देत होतो त्यांची खुराडी दोनदा रिकामी राहिली, त्यांनी दुसरी सोय केली. त्यांचंही बरोबर. आणि आता मागणी आली तरी तो भरेल असं वाटत नाही. काल बटणाजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला, तापलेल्या तव्याजवळ न्यावा तसा.

संध्याकाळी जेवताना मी सहज म्हटलं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी ते तुझ्या बापाला उद्देशून म्हटलं होतं. तुझी आठवण येते ते झाकतोय म्हणून. पण घास तुझ्या आईला लागला. खोकत उठून गेली. ती जेवतच नाही हल्ली. आम्हाला वाढते, "माझं झालं" म्हणते. कधी झालं? मला दिसत नाही का?

२० एप्रिल

यंत्र विकलं. न्यायला चार माणसं आली. सकाळी तुझ्या बापाने रिकाम्या यंत्रातही चालू ठेवलेल्या पंख्यांचं बटण बंद केलं. गोगे, तो आवाज इतकी वर्षं होता की एरवी तो आहे हेच माझ्या ध्यानात नसायचं. एकदम घराचा श्वास थांबला. मी उगाच माझ्या छातीवर हात ठेवून बघितला.

मी वरच्या खिडकीत. चौघांनी यंत्र उचललं, दारापर्यंत आणलं, आणि तुझी आई दारात येऊन उभी राहिली. वाट अडवून.

"ते शीट गोगीने नाही बिघडवलं. मी बिघडवलं."

तुझा बाप म्हणाला, "बाजूला हो. त्यांच्या हातात वजन आहे."

"फेब्रुवारीत. तुम्ही अंडी आणायला गेला होतात. माझ्याकडून ते पुसलं गेलं. मी घाबरले. तुम्ही ओरडाल म्हणून पुस्तकात बघून पुन्हा लिहिलं. पुस्तकात होतं तसंच लिहिलं हो. एक खूण इकडची तिकडे केली नाही."

माणसांतला एक म्हणाला, "ठेवू का उचलू?" त्याने पुन्हा विचारलं, "बाई, ठेवू का उचलू?"

तुझा बाप म्हणाला, "तिने मग कबूल का केलं?"

"तिला फोनवरच कळलं. ती उणे कधी पहिलं लिहीत नाही. आणि घरात तिसरं कोण आहे शीटला हात लावणारं? तुमच्या आई?"

एरवी यावर मी खिडकीतून काहीतरी बोलले असते.

तुझा बाप पालथ्या ट्रेवर बसला. चौघांचे हात थरथरायला लागले होते. मग म्हणाला, "उचला." तुझी आई बाजूला झाली, आणि यंत्र गेलं.

ती वर आली, हात धुतले आणि वही घेऊन समोर बसली. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, "नाही आई, सांगा. आज एकही ओळ आखूड येणार नाही."

फडकं, पुस्तक, बाकी, खोडलेली ओळ. सगळं माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं आणि मलाच दिसलं नव्हतं. उगाच लांबी मोजत बसले.

२४ एप्रिल

तुझा बाप तुझ्याकडे जाऊन आला. एकटाच गेला, एकटाच आला. पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि माझ्या पायाशी बसला, लहान असताना मारामारीत हरून आला की बसायचा तसा.

मी विचारलं, भेटली?

"भेटली. चहा दिला." मग म्हणाला, "आई, कपाखाली बशी दिली."

आपल्या घरात बशी पाहुण्यांना असते.

त्याने तुझी माफी मागितली म्हणे. तू म्हणालीस, "झालं ते झालं, बाबा." त्याने विचारलं, आईने केलं हे कळत होतं, तर बोलली का नाहीस? तू म्हणालीस, "तुम्ही 'हे कोणी केलं' असं विचारलंच नाहीत. 'तू काय केलंस' असं विचारलंत." हे सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं. मग विचारलं, घरी कधी येतेस? "बघते," म्हणालीस.

गोगे, 'बघते' हा शब्द मी ओळखते. 'नाही'ने बाहेर जायचे कपडे घातले की 'बघते' होतं.

२८ एप्रिल

ही वही तुला पाठवते आहे. तू आल्यावर वाचणार होतीस, पण तुझं येणं आता 'बघते'वर आहे आणि माझं वय थांबून बघणारं नाही. जिना आता माझा मला उतरवत नाही. तुझा बाप खाली नेतो तेव्हा मी रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसते. फरशीवर यंत्राच्या पायांचे चार ठसे आहेत. तुझ्या आईने तीनदा पुसले, जात नाहीत.

बापाला लगेच माफ कर असं मी सांगणार नाही. तो बोलला ते बोलला. मी त्याची आई आहे, तरी त्या दिवशी फोन हिसकावून घ्यायला हवा होता असं मला वाटतं. पण तुझ्या आईचं वेगळं आहे. तिच्यासाठी तू ते आपल्या अंगावर घेतलंस, आणि ते घेऊन तिथे लांब बसलीस. तुझ्या बापासमोर तिला तुझी चूक झाकणं जमलं नसतं, तू तिची झाकलीस, आणि हेच तिला खातं आहे. (ही ओळ ती लिहीत नव्हती. मी म्हटलं, लिही, मी लांबी मोजते आहे.)

आता येता येत नसेल तर निदान खायला पाठव. मऊ पाव पाठव, सफरचंदं पाठव, पिकलेली, माझे दात तुला ठाऊकच आहेत. अंडी पाठवू नकोस. परवा शेजारणीने चार दिली, तर तुझा बाप त्यातलं एक हातात घेऊन खिडकीच्या उजेडाला धरून कितीतरी वेळ बघत उभा राहिला, आणि मग तसंच परत ठेवलं. आणि आईसाठी एक पुडा वेगळा बांध. काहीही घाल त्यात, पण वेगळा बांध, नाहीतर ती आम्हालाच वाढेल आणि "माझं झालं" म्हणेल. त्या पुड्यावर मोठ्या अक्षरांत 'आई' लिही, तुझ्या हाताने. मला वाचता येत नाही. तिला येतं.